ब्रिओशचा फ्रेंच टोस्ट आतून लिबलिबीत का राहतो?

बाहेरून रंग झकास, कडेला बटरचा खमंग वास, फोटो काढून झाला, आणि मग सुरी घातली की मधून पिवळा गिच्च लगदा ताटलीत उतरतो. ब्रिओशचा, म्हणजे भरपूर बटर-अंडी घातलेल्या मऊ, गोडसर फ्रेंच ब्रेडचा, जाडजूड फ्रेंच टोस्ट घरी करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची हीच तक्रार असते, आणि दर वेळी दोष जातो तो अंड्यांना नाहीतर गॅसला, मग पुढच्या रविवारी एक अंडं जास्त, आच जरा मोठी, आणि परत तेच. बहुतेक वेळा गोची तव्यावर झालेलीच नसते, ब्रेड दुधात पडायच्या आधीच होऊन गेलेली असते.

आपल्याकडचा जुना फ्रेंच टोस्ट आठवा. साधा स्लाइस ब्रेड, दोन अंडी फेटलेली, चमचाभर साखर, घोटभर दूध, कुणाकडे साखरेच्या जागी कांदा-मिरची-कोथिंबीर, बुचकळला की तव्यावर आणि दोन-तीन मिनिटांत डब्यात. तो बिघडायचा नाही कारण त्यात बिघडायला जागाच नव्हती, स्लाइस जेमतेम सेंटिमीटरभर जाड, मिश्रणात अंडं जास्त दूध कमी, उष्णता मधोमध पोचायला कितीसा वेळ लागणार. आता पुण्यात कोरेगाव पार्कापासून बाणेरपर्यंत बेकऱ्यांमध्ये ब्रिओश मिळतो, लोक हौसेने अख्खा लोफ आणतात, दोन बोटं जाड काप करतात (ते बरोबरच आहे, पातळच कापायचा तर ब्रिओशवर पैसे कशाला घालायचे), पण पुढची सगळी कृती मात्र स्लाइस ब्रेडचीच. तिथे गाडी अडते.

साध्या सँडविच ब्रेडमध्ये १०० ग्रॅम मैद्याला फॅट असतं दोन-चार ग्रॅम. ब्रिओशमध्ये तेवढ्याच मैद्याला बटर ३० ते ५० ग्रॅम, कधी त्याहूनही जास्त, वर अंडी, वर साखर. हे फॅट मैद्यातल्या ग्लुटेनचे, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनाचे, धागे लांब होऊ देत नाही, म्हणून तर तो इतका मऊ लागतो, पण मऊ म्हणजे नाजूकही, भिजला की स्वतःचा आकार धरून ठेवायची ताकद त्याच्यात राहत नाही. आणि साखर, अंडी, दूध असल्यामुळे तो तव्यावर साध्या ब्रेडपेक्षा फार लवकर लाल होतो. म्हणजे बाहेरचा रंग बघून तुम्ही उलटता, उतरवता, आणि आत अजून काही सुरूच झालेलं नसतं. रंगावर विश्वास ठेवू नका, निदान ह्या ब्रेडच्या बाबतीत तरी.

आधी निदान करा. पुढच्या वेळी बिघडला की वैतागून खाऊन टाकू नका, एक टोस्ट मधोमध उभा कापा आणि कापलेली बाजू उजेडात धरून नीट बघा. तीन प्रकार दिसतात. एक, मधे पांढरा कोरडा पट्टा आणि वर-खाली पिवळी कड, म्हणजे मिश्रण आत पोचलंच नाही, भिजवायला वेळ कमी पडला, हे खायला वाईट लागत नाही, फक्त बटर-ब्रेड खाल्ल्यासारखं लागतं. दोन, मधे पिवळा, चकाकणारा, बोट लावलं तर चिकटणारा भाग, म्हणजे मिश्रण पोचलं पण शिजलं नाही, हाच आपला लिबलिबीत प्रकार, दहातल्या आठ जणांचं दुखणं हे. तीन, आत जाळी जाळी दिसते, अंड्याच्या बारीक गुठळ्या, आणि ताटलीत टोस्टखाली पाणी सुटलेलं असतं. हे बरेच लोक कच्चं समजतात आणि परत तव्यावर टाकतात, पण हे जास्त शिजलेलं असतं, अंडं आवळलं गेलं की आतलं पाणी बाहेर टाकतं, आणि तुम्ही ते अजून शिजवलंत तर अजून पाणी. दोन आणि तीन ह्यांचे उपाय एकमेकांच्या उलटे आहेत म्हणून कापून बघितल्याशिवाय काहीही बदलू नका.

आता दुसऱ्या प्रकाराचं मूळ कारण. सगळीकडे एक सल्ला असतो, फ्रेंच टोस्टला शिळा ब्रेड घ्या. सल्ला चांगला आहे पण तो साध्या पावाला. पाव शिळा होतो म्हणजे नेमकं काय होतं तर त्यातला स्टार्च हळूहळू परत घट्ट रचला जातो, म्हणून तो कडक लागतो, पाणी उडालं नसलं तरी कडक लागतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेला पावसुद्धा शिळा होतोच की, आणि फ्रिजमध्ये तर बाहेरच्यापेक्षा लवकर होतो. पण हा कडकपणा तव्यावर गरम झाला की निघून जातो, पाणी मात्र आत जसंच्या तसं असतं. त्यात ब्रिओशमधलं बटर आणि अंड्याचं पिवळं ही शिळं होण्याची प्रक्रियाच लांबवतात, त्यामुळे दोन दिवसांचा ब्रिओशसुद्धा दाबला की मऊच लागतो. तुम्ही म्हणता शिळा घेतलाय, आणि प्रत्यक्षात तो जवळजवळ ताज्याइतकाच ओला असतो, त्यात अजून दीडशे मिली दूध ओतायला जागा कुठून येणार.

त्यामुळे शिळा नाही, वाळलेला हवा. वाळवायचा, मुद्दाम.

आणि इथे पुण्याची हवा मधे येते. एप्रिल-मेमध्ये दुपारी काप करून जाळीवर ठेवा, संध्याकाळपर्यंत वरून खडखडीत होतात, काही करावं लागत नाही, उलट विसरलात तर कडा तडकतात. जुलै-ऑगस्टमध्ये तेच काप रात्रभर ओट्यावर ठेवा, सकाळी आदल्या रात्रीपेक्षा जास्त मऊ आणि वरून चिकट, आणि अजून एक दिवस राहिला तर हिरवट ठिपके. रात्रभर उघडा ठेवा असं सांगणाऱ्या परदेशी रेसिप्या कोरड्या हवेत लिहिलेल्या असतात, त्या आपल्या पावसाळ्यात चालत नाहीत, वर मुंग्यांना आमंत्रण ते वेगळंच. आमच्या कोथरूडच्या किचनमध्ये तर पावसाळ्यात मिठाच्या बरणीतलं मीठसुद्धा ओलं होतं, ब्रेड काय वाळणार डोंबल.

ओटीजी, म्हणजे घरचा छोटा विजेवरचा ओव्हन, असेल तर १२० डिग्रीला काप जाळीवर मांडून वीस-पंचवीस मिनिटं, मधे एकदा उलटून. रंग येऊ द्यायचा नाही, टोस्ट करायचा नाहीये, फक्त पाणी उडवायचंय. झाला कधी हे हाताला कळतं, काप उचलला की आधीपेक्षा हलका लागतो आणि वरून बोट फिरवलं तर कोरडं खरखरीत लागतं, पण मधे दाबलं तर अजून थोडा दबतो. एवढंच पाहिजे, पार खारीसारखा कडक केलात तर आत मिश्रण पोचायला फार वेळ लागतो आणि मग पहिल्या प्रकारचा पांढरा पट्टा येतो. एअर फ्रायर असेल तर सगळ्यात कमी तापमानावर, आणि दर तीन-चार मिनिटांनी बघायचं कारण त्यात पंखा असल्यामुळे कडा फार पटकन लाल होतात. दोन्ही नसेल तर बिडाचा नाहीतर जाड बुडाचा तवा, तूप-बटर काही न घालता, अगदी मंद आचेवर झाकण न ठेवता, दोन्ही बाजू पाच-सहा मिनिटं. झाकण ठेवलंत तर वाफेने परत ओला, मग सगळी मेहनत पाण्यात. वाळवून झालं की पूर्ण गार होऊ द्या, गरम ब्रेड अंड्यात टाकला तर वरचं अंडं लगेच थोडं आवळतं आणि आत शिरत नाही.

नुसत्या ह्या एका कामाने निम्म्याहून जास्त लोकांचं दुखणं जातं, बाकी काहीही बदललं नाही तरी. म्हणून ह्यावर एवढं लिहिलं, पुढचं सगळं त्याच्या मागून.

मिश्रणाचं प्रमाण. जाड चार कापांना तीन अंडी आणि १५० मिली दूध, १८० च्या वर जाऊ नका. आपल्याकडची नेहमीची अंडी टरफलासकट साधारण ५० ते ५५ ग्रॅमची असतात, गावरान त्याहून लहान, आणि बाहेरच्या रेसिपीत 'मोठं अंडं' म्हटलेलं असतं ते ह्याहून मोठं असतं, त्यामुळे दूध त्यांच्या कपाने आणि अंडी आपल्या दुकानातली असा मेळ घातला की मिश्रण पातळ होतं आणि पातळ मिश्रण उशिरा घट्ट होतं. गावरान असतील तर चार घ्या. मी तीन अंड्यांवर एक जास्तीचं पिवळं घालतो, त्याने मिश्रण दाट होतं आणि अंड्याचा वासही वाढत नाही, कारण तो उग्र वास येतो तो मुख्यतः पांढऱ्यातून. दूध फुल क्रीम असेल तर उत्तम, त्यात ६ टक्के फॅट असतं, टोन्डमध्ये ३, म्हशीचं घरी तापवलेलं असेल तर साय काढून बाजूला ठेवा, फेटताना ती गुठळ्या करून राहते आणि मग ब्रेडवर पांढरे ठिपके. आणि फ्रिजमधून काढलेलं गार दूध सरळ वापरू नका, हे फार जण करतात. जाड कापाच्या मधोमध गार मिश्रण असलं की तव्याला तेवढं अंतर जास्त कापावं लागतं, बाहेरचं तोवर जळतं. दूध कोमट करा, गरम नाही, बोट घातलं तर ना गार ना गरम.

साखर एक चमचा पुरे, पोह्याचा नाही, चहाचा. ब्रिओशमध्ये आधीच साखर आहे, मिश्रणात अजून घातली की ती तव्यावर पहिली करपते. गोड पाहिजे तर वरून घ्या ना, हवं तेवढं. मीठ चिमूटभर हवंच, पण तव्यावर खारं बटर वापरणार असाल तर तेही नको.

मिश्रण फेटलं की चहाच्या गाळणीतून गाळून घ्या. हा एक कंटाळवाणा प्रकार आहे आणि लोक तो टाळतात आणि मग विचारतात टोस्टवर ते उकडलेल्या अंड्यासारखे पांढरे धागे कसले. फेटताना पांढरं पूर्ण मोडत नाही, पिवळ्याला धरून ठेवणारी ती पांढरी दोरी असते ना ती तर अजिबातच मोडत नाही, ते सगळं ब्रेडच्या बाहेरच राहतं आणि तव्यावर चिकटतं. दालचिनी घालणार असाल तर ती आधी साखरेत कोरडी मिसळा आणि मग चमचाभर दुधात कालवा, नाहीतर ती वर तरंगते आणि पहिल्या कापाला सगळी लागते, चौथ्याला काहीच नाही. मला विचाराल तर दालचिनीपेक्षा वेलदोडा आणि जरासं जायफळ ब्रिओशला जास्त शोभतं, पण हा आवडीचा भाग झाला.

भिजवायचं कसं. खोल वाडग्यात नाही, पसरट ताटात किंवा केकच्या टिनात, काप आडवा मावला पाहिजे आणि मिश्रण त्याच्या निम्म्या उंचीपर्यंत. वाळवलेला काप एका बाजूने मिनिटभर, उलटून मिनिटभर, जास्त कडक वाळला असेल तर दीड. ताजा, न वाळवलेला असेल आणि घाईत तसाच करायचाच असेल तर वीस-तीस सेकंद, त्याच्यापुढे तो उचलता येणार नाही, मधून फाटेल. उचलताना बोटांनी कडेला धरून उचलू नका, रुंद कालथा खालून सरकवा आणि कालथ्यावरच दोन-चार सेकंद तिरका धरा, जास्तीचं निथळू दे. ताटात शेवटी जे उरतं ते कापावर ओतायचा मोह होतो, तो आवरा, त्याचं आम्लेट करा.

काप उचलला की मोडतोच, असं असेल तर दोनच शक्यता, एकतर वाळला नाही किंवा ब्रेडच तसला आहे. बाजारात ब्रिओश म्हणून जे बन किंवा लोफ मिळतात त्यातले काही नुसते पिवळा रंग घातलेले गोड पाव असतात. पाकिटामागचं बघा, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, बटर आणि अंडी मैद्यानंतर लगेच दिसली पाहिजेत, ती शेवटून तिसऱ्या नंबरला असतील आणि वर वनस्पती फॅट किंवा मार्जरिन असेल तर तो ब्रिओश नावापुरता. असल्या पावाचा टोस्ट होतो, वाईट होत नाही, पण त्याला साध्या ब्रेडसारखं वागवा, पातळ कापा आणि कमी भिजवा. हाला मिळाला कुठे, ज्यूंचा शब्बाथचा वेणीसारखा ब्रेड, तर सोडू नका, त्यात अंडी भरपूर पण बटरच्या जागी तेल आणि दूध नसतंच, त्यामुळे तो ब्रिओशइतका ढासळत नाही, फ्रेंच टोस्टला मला तर तोच जास्त आवडतो. आणि काहीच नसेल तर आपल्या इराणी हॉटेलात बन मस्क्याला असतो तसला गोड बन, आडवा नाही तर उभा जाड कापून, फार छान होतो. फक्त वरचा चकचकीत पापुद्रा मिश्रण शोषत नाही, तो भाग कडेला राहील असं कापा.

आता तवा. निर्लेपचा असेल तर काम सोपं, बिडाचा असेल तर चांगला मुरलेला हवा. सगळ्यात जास्त चूक इथे आचेची. अंडं-दूध-साखरेचं मिश्रण मधोमध ७५ ते ८० डिग्रीला व्यवस्थित घट्ट होतं, ८५ च्या पुढे गेलं की फाटायला लागतं, आणि बाहेरचा खमंग तांबूस रंग यायला पृष्ठभाग १४० च्या आसपास लागतो. म्हणजे बाहेर १४० आणि आत ८०, हे दोन्ही एकाच वेळी पाहिजे, आणि मधे अडीच सेंटिमीटर ओला ब्रेड. मोठ्या आचेवर हे जमणं शक्यच नाही. लहान बर्नर, मध्यमच्या खाली, आणि एका बाजूला चार मिनिटं, शांतपणे, दर तीस सेकंदांनी उचलून खालचा रंग बघायचा नाही.

बटर का तूप? मी दोन्ही वापरतो, तळायला तूप आणि शेवटी चवीला बटर. बटरमध्ये साधारण १६ टक्क्यांपर्यंत पाणी असतं आणि थोडे दुधाचे घन कण, ते कण चार-चार मिनिटं तव्यावर राहिले की काळे पडतात आणि दुसऱ्या बॅचला कडवट लागतं. लोक त्यावर बटरमध्ये तेल घालतात, त्याने कण जळायचे थांबत नाहीत, फक्त कमी दिसतात. साजूक तुपात ते कण नसतातच, त्यामुळे ते शांत राहतं. एक चमचा तूप, वितळलं आणि तव्यावर सरकायला लागलं की काप ठेवायचा, आवाज चुर्र असा बारीक यायला हवा, तडतड नको. तडतडलं तर गॅस कमी करा आणि तवा अर्धा मिनिट बाजूला घ्या. दोन्ही बाजूंना रंग आला की शेवटच्या मिनिटाला सुपारीएवढं बटर कडेने सोडा, त्याला फेस येतो, फेस बसायला लागला की नटी वास येतो, तेवढ्यात काप त्यात एकदा इकडून एकदा तिकडून फिरवून घ्या. फेस बसून तपकिरी झाला म्हणजे वेळ झाली, काळा व्हायची वाट बघू नका. आणि प्रत्येक बॅचनंतर तवा कागदाने पुसा, हे कुणी करत नाही.

मग आत शिजलं का हे कसं बघायचं. थर्मामीटर असेल, ते सुईवालं स्वस्तातलं ऑनलाइन मिळतं, तर मधोमध कडेने आडवं घाला, ७१ च्या खाली असेल तर अंडं सुरक्षितही नाही, ७५ दिसलं की उतरवा, बाहेर काढल्यावरही दोन-तीन डिग्री वर चढतं. नसेल तर मधोमध बोटाने दाबा, शिजलेला काप हळूच वर येतो, कच्चा दबलेला राहतो आणि कडेने मिश्रण डोकावतं.

रंग आला पण आत कच्चा, हे इतकं सगळं करूनही कधीतरी होणारच, काप जाड असेल तर होतंच. तेव्हा आच वाढवायची नाही. ओटीजी आधीच १८० वर तापवून ठेवला असेल तर जाळीवर ठेवून आठ-दहा मिनिटं, हॉटेलात जाड टोस्ट असाच पूर्ण करतात, तव्यावर फक्त रंग. ओटीजी नसेल तर गॅस एकदम बारीक, झाकण, दोन मिनिटं, मग झाकण काढून परत मिनिटभर दोन्ही बाजू, कारण झाकणाच्या वाफेने कुरकुरीतपणा जातो तो परत आणावा लागतो. आमच्या आईने एकदा ताटली पुढे सरकवून विचारलं होतं, "अरे, हे आत कच्चंच आहे की रे, का असंच असतं हे फ्रेंचांचं?" असंच नसतं. आत कस्टर्डसारखा मऊ पण ताटलीत न ओघळणारा, चमच्याने दाबला तर हलणारा पण फुटून न वाहणारा, तसा असतो.

उतरवला की सरळ ताटलीत ठेवू नका. गरम काप ताटलीवर ठेवला की खालून वाफ सुटते, तिचं पाणी होतं आणि खालची बाजू पाच मिनिटांत लगदा, आणि मग परत वाटतं आत कच्चं होतं. पापड भाजायची किंवा फुलक्याची जाळी असते ना, तुळशीबागेत कुठेही मिळते, ती एका ताटावर ठेवा आणि त्यावर काप. वर झाकण, नॅपकिन काहीही नको.

आमच्या सासूबाई अंडं खात नाहीत आणि रविवारी सगळ्यांसमोर फ्रेंच टोस्ट यायला लागला की त्यांचं एकच असतं, "माझ्यासाठी वेगळा तवा घ्या हं." त्यामुळे बिनअंड्याचाही सांगतो, फक्त लक्षात घ्या, ब्रिओशमध्येच अंडं असतं, त्यामुळे त्यांना मिल्क ब्रेड, आणि तोही पाकीट वाचून. अंड्याचं काम कस्टर्ड पावडर करते, कारण ती म्हणजे मुळात कॉर्नफ्लोअर, रंग आणि व्हॅनिलाचा वास. कस्टर्ड पावडरचा जन्मच मुळी अंड्यामुळे झाला, १८३७ मध्ये इंग्लंडातल्या आल्फ्रेड बर्डने ती बनवली कारण त्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं. २५० मिली दुधाला एक मोठा चमचा पावडर आणि दोन मोठे चमचे दूध पावडर, दूध पावडरीमुळे रंग येतो, नाहीतर बिनअंड्याचा टोस्ट पांढुरकाच राहतो. हे मिश्रण आधी गॅसवर ढवळत उकळी येईपर्यंत शिजवा, पातळ बासुंदीइतकं झालं की कोमट करा आणि मग ब्रेड. कच्चं कालवून सरळ वापरलं तर स्टार्च खाली बसतो, पहिला काप नुसता दुधाचा आणि शेवटचा पिठाचा, आणि पिठूळ चव तोंडात राहते ती वेगळी. इथे भिजवायचं कमी, दहा-पंधरा सेकंद, कारण हे मिश्रण अंड्यासारखं ब्रेडला आतून धरून ठेवत नाही.

तिसरा प्रकार, पाणी सुटणारा, तो राहिला. त्यात उपाय उलटे, वेळ कमी, आच अजून कमी, आणि दूध कमी. ओटीजीत दहाच्या जागी सहा मिनिटं. आणि एक बघा, वरून फळं कधी घालता. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी साखर लावून ठेवली की पाणी सोडते, हापूसच्या फोडीही गरम टोस्टवर पाच मिनिटांत रस सोडतात, ते पाणी टोस्टचं नसतं, बिचाऱ्याला उगाच दोष. फळं वेगळ्या वाटीत द्या, ज्याने त्याने खायच्या वेळी घ्यावीत. मेपल सिरपच्या बाटलीचे दाम बघून मी काकवी वापरतो, जरा कोमट करून, चिमूटभर मीठ घालून, आणि खरं सांगायचं तर बटरवाल्या ब्रेडवर ती सिरपपेक्षा सरस लागते, गुळाचा तो किंचित कडसर वास ब्रिओशच्या गोडपणाला कापतो. फक्त काकवी किंवा गूळ मिश्रणात घालू नका, गरम झाल्यावर दूध फाटू शकतं, वरूनच.

पाहुणे जास्त असतील तर सगळे एकदम गरम द्यायचा अट्टाहास करू नका, आदल्या दिवशी तव्यावर फक्त रंग आणून, गार करून, जाळीवर उघडे फ्रीझरमध्ये घट्ट होऊ द्या आणि मग डब्यात भरा. सकाळी फ्रीझरमधून सरळ १८० वर ओटीजीत, पंधरा मिनिटांच्या आसपास, मधे एकदा उलटून, आणि एक कापून बघा. मायक्रोवेव्हमध्ये नको, त्यात बाहेरून चामट आणि आतून फाटलेला होतो, आणि मग परत मला विचाराल पाणी का सुटलं.